पडद्याबाहेरचा हात

तय्यब हकीम रोग्याला काही विचारत नसे. जुन्नरात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. पार बेल्ह्यापासून तळेघरच्या डोंगरापर्यंत लोक सांगायचे, बाकीचे वैद्य जीभ काढायला लावतात, पोट दाबतात, छप्पन्न चौकशा करतात. आमचा हकीम नुसतं मनगट धरतो, डोळे मिटतो आणि सांगून मोकळा होतो. परवा शिळं खाल्लंस. घरात भांडून आलायस. थोरल्या पोराचा घोर लागलाय तुला. ऐकणारा तोंडात बोट घालायचा आणि अर्धा तिथंच बरा व्हायचा.

आता खरं सांगायचं तर हकिमाची बोटं जेवढं सांगायची, त्याच्या दुप्पट त्याचे कान नि डोळे सांगायचे. बोलवायला आलेला माणूस वाटेत बडबडतो. उंबऱ्याशी चपला असतात, चुलीवरचा वास असतो, दावणीची गाय किती खंगलीय ते दिसतं. हे सगळं गोळा करून मग हकीम मनगट धरायचा. लबाडी म्हणावी तर लबाडी नव्हे, आणि नव्हे म्हणावं तर जीभ अडखळते. बापानं हेच शिकवलं होतं, "हकिमानं इचारलं, की हकीम संपला." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि ही मूठ तर बापाच्या काळापासून झाकलेली. त्या मुठीत आपलाच हात अडकलाय, हे कळायला तय्यबला शफीच्या घराची पायरी चढावी लागली.

शफी कागदी होता. जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यात हातानं कागद करायचे. लगदा कुटायचा, हौदात ढवळायचा, चौकटीवर गाळायचा, ओले ताव अंगणातल्या भिंतीला लावून उन्हात वाळवायचे. मग बायका त्यांना खळ लावून दगडानं घोटघोटून गुळगुळीत करायच्या. गिरणीचा कागद आल्यापासून धंदा बसत चालला होता, तरी शफीचं घर तग धरून होतं. घरात विधवा आई जन्नतबी, लग्नाला आलेली बहीण जैबुन्निसा आणि मंचरहून करून आणलेली बायको हसीना. प्लेगाची मोठी साथ ओसरल्यानंतरची ही गोष्ट. हसीना आजारी पडली आणि शफी हकिमाला बोलवायला आला.

हकीम ओसरीवर बसला. मधल्या दाराला जाड पडदा होता. मागच्या अंगणात गडी लगदा कुटत होता, त्याची धपधप चालली होती. पडद्यातून एक हात बाहेर आला आणि पडद्याआडून जन्नतबी बोलली, "सूनबाईचं अंग मोडून येतंय, हकीमजी. जास्ती काय सांगू? तुमच्या बोटांला समदं कळतं."

हकिमानं डोळे मिटून मनगट धरलं. नाडी संथ होती, भरलेली होती, पोटभर जेवून गाढ झोपणाऱ्या बाईची होती. तो जरा गोंधळला. पण गप्प बसून कसं चालेल? "उष्णता हाय," तो म्हणाला, आणि काढ्याच्या पुड्या देऊन उठला.

पुन्हा बोलावणं आलं. गुण नव्हता. तोच पडदा, तीच धपधप, तोच हात आणि तीच ठणठणीत नाडी. या खेपेला हकिमानं वात सांगितला, त्याच्या पुढच्या खेपेला पित्त. शफी दरवेळी ओसरीच्या कडेला खांबाला धरून उभा असायचा. त्याची गालफडं बसली होती. त्याला पाहिलं की हकीम मनात चरकायचा. नवऱ्याची ही दशा, म्हणजे आत बाई खचत चालली असणार. मग नाडी अशी कशी?

एकच प्रश्न विचारायचा होता, बाई, तुला काय होतंय? पण तो तोंडातून निघाला असता तर दिवस मावळायच्या आत मशिदीपासून पेठेपर्यंत बोभाटा झाला असता, की हकिमाच्या बोटांतली जान गेली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. हकिमाचं जेवण तुटलं. रस्त्यात शफी लांबून दिसला तरी तो आडबोळात शिरायला लागला. आपल्याच गावात माणसानं असं चोरासारखं फिरावं, याची त्याला मनस्वी लाज वाटायची.

एकदा त्याला मोहल्ल्याच्या तोंडापर्यंत पोचवायला आलेला शफी थबकला. "चाचा, एक इचारू? नाडी कधी चुकती का?"

पोरगं काहीतरी पोटातलं ओठावर आणू बघत होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण बोट नेमकं हकिमाच्या दुखऱ्या जागी लागलं. "नाडी खोटं बोलत न्हाई," तो ताठ होऊन म्हणाला. "आमच्या घराण्यात तर न्हाईच न्हाई." शफीनं मान खाली घातली आणि तो परत फिरला.

त्याच सुमारास पेठ गावच्या धर्मशाळेत शिकवणी निघाली. पुण्याचे एक डॉक्टर जुन्नर-आंबेगावकडच्या वैद्य-हकिमांना बोलावून नव्या गोष्टी सांगणार होते. पिकल्या दाढीनं शाळेत जायचं म्हणजे गावाला चघळायला विषय. "काय हकीमजी, पाटी-पेन्सील घेतली का?" असं लोकांनी विचारूनही झालं. तय्यब गेला तो काही शिकायची हौस म्हणून नाही. शफीच्या ओसरीपासून थोडे दिवस लांब राहायला मिळेल, म्हणून गेला.

डॉक्टर बुटका, फटकळ आणि सारखी सुपारी कातरणारा. हात धुवा म्हणाला. क्षयाच्या रोग्याला कोंडू नका, ऊन-वारा द्या, दूध-अंडं द्या म्हणाला. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मग म्हणाला, "आता दोघंदोघं समोरासमोर बसा. एकानं रोगी व्हायचं. दुसऱ्यानं विचारायचं, काय होतंय, आणि भीती कशाची वाटते. विचारून झालं की तोंड मिटायचं. रोगी बोलेपर्यंत जो मध्ये बोलेल, त्यानं घरी जावं."

धर्मशाळेत खसखस पिकली. तय्यबच्या समोर पेठचाच धर्माजी वैद्य आला, जुना दोस्त. धर्माजी पोट धरून विव्हळायला लागला आणि तय्यबचं तोंड काही उघडेना. जन्मात कधी न उच्चारलेले शब्द ते. कसाबसा तो म्हणाला, "काय व्हतंय, धर्माजी?"

"पोट दुखतंय, राव." आजूबाजूचे हसले.

"आन् भ्या कशाचं वाटतंय?"

धर्माजी हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. तय्यब डॉक्टरच्या धाकानं गप्प राहिला. धर्माजीनं आपला उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडेच बघत बसला. "ह्याचं," तो हळू म्हणाला. "थरथरतोय. पुडी बांधताना अवशीद सांडतं. घरात कुणाला ठावं न्हाई. मीच वैद्य, मी कुणाला सांगू?"

तो हात तय्यबनं मागं एकदा धर्माजीच्या तापात धरला होता. नाडी बघितली होती, ताप सांगितला होता, वाहवा घेतली होती. हाताच्या मालकाला काय होतंय, ते मात्र आज कळत होतं. मागं उभा राहिलेला डॉक्टर सुपारी चघळायचा थांबला. "वैद्यालाही कुणीतरी विचारलं पाहिजे," एवढं म्हणून तो पुढं गेला. तय्यबनं दोस्ताचा हात धरला, पण डोळ्यांपुढं खांबाला टेकलेला शफी उभा राहिला. नाडी कधी चुकती का, असं पोरगं विचारत होतं, आणि आपण त्याला घराण्याचा मोठेपणा ऐकवला.

शिकवणी संपायची वाट न बघता तय्यब तट्टावर बसला.

जुन्नरात आला तो सरळ कागदी मोहल्ल्यात. न बोलावता हकीम दारात बघून जन्नतबीची धांदल उडाली. आत कुजबुज झाली, भांडं पडलं, घाईघाईनं पडदा ओढला गेला. मागची धपधप आज नव्हती, गडी कामावर आला नव्हता. हकीम शाळा शिकून आलाय म्हटल्यावर शेजारपाजारची माणसंही गंमत बघायला ओसरीशी जमली. पडद्यातून हात बाहेर आला.

हकिमानं मनगट धरलं, पण डोळे मिटले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा तो नाडी बघता बघता हाताकडेही बघत होता. तळव्याला घोटायच्या दगडाचा घट्टा होता. नखांत खळ होती आणि ती अजून ओली होती. इतके महिने अंथरुणाला खिळलेली बाई आज सकाळी कागद घोटत होती?

इतके दिवस आपण एका धडधाकट बाईला वात-पित्ताच्या पुड्या देत होतो, आणि आजारी बाई कुठं होती ते अल्लालाच ठाऊक. पण कळलं म्हणून सुटका थोडीच झाली? हात दुसरीचा आहे असं जाहीर केलं असतं, तर लोकांनी त्यालाच डोक्यावर घेतलं असतं, बघा, नुसत्या नाडीवरून ओळखलं म्हणून. आणि जन्नतबीनं घाबरून सुनेला आणखी आत ढकललं असतं. ओसरीवरचे लोक निकालाची वाट बघत होते. हकिमाला वाटलं, हे मनगट आपण धरलेलं नाही, यानंच आपल्याला धरून ठेवलंय.

"सूनबाई," तो मोठ्यानं म्हणाला, "मला नाडीवरनं कळत न्हाई. तूच सांग. तुला काय व्हतंय? भ्या कशाचं वाटतंय?"

ओसरीवर कुणीतरी खाकरलं. "संपला हकीम," असं कुणीतरी पुटपुटलंही. जन्नतबी पडद्याआडून गडबडीनं म्हणाली, "तिला काय इचारता, हकीमजी? म्या सांगते की. कालपासनं तिचं..."

"तुमी न्हाई, जन्नतबी. तिला बोलू द्या."

मग तो गप्प बसला. सगळं गाव आपल्याकडं बघतंय आणि आपण गप्प बसलोय, हे किती जड जातं ते बसणाऱ्यालाच कळतं. बोटांखालची नाडी मात्र आज प्रथमच सैरावैरा पळायला लागली.

आणि आवाज आला. पडद्यामागून नाही. घराच्या पार मागच्या बाजूला चिंध्या नि जुनी रद्दी साठवायची बिनखिडकीची खोली होती, तिथून आला. खोकल्याची उबळ आवरत कुणीतरी बोलत होतं.

"चाचा, मी हिकडं हाय."

ओसरीवरच्या माना त्या आवाजाकडं वळल्या.

"लई दिस झालं, हिकडंच हाय. मला उन्हात न्या."

हकिमाच्या बोटांतलं मनगट सुटलं. जन्नतबी "अगं पोरी" म्हणेस्तोवर पडदा आतून सरकला होता आणि सरकवणारी जैबुन्निसा होती. तिची सोयरीक बेल्ह्याला जमली होती. घरात क्षय आहे हे फुटलं तर ती मोडणार, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तरी ती उघड्या चेहऱ्यानं सगळ्यांपुढं उभी राहिली आणि रडत म्हणाली, "भाभीला रगत पडतंय, चाचा. हात माझा व्हता."

जन्नतबी तिथंच मटकन खाली बसली. "तुमच्यामुळं," ती हकिमाला म्हणाली. रागानं नाही, दमून म्हणाली. "तिच्या मंचरच्या माणसांला इलाज चाललाय असं दाखवायला तुमाला बोलवणं भाग व्हतं. आन् तुमी हात धरला की समदं सांगता, चारचौघांत सांगता. सांगा की, तिचा हात तुमाला कसा दावणार व्हते मी?"

या घराचा हकिमाच्या बोटांवर इतका विश्वास होता, की आजारी बाईच त्यांनी त्याच्यापासून लपवून ठेवली होती.

शफी आत गेला आणि हसीनाला उचलून घेऊन आला. उचलताना त्याला काही जोर लावावा लागला नाही, एवढी ती उरली होती. त्यानं तिला अंगणात भिंतीशी बसवलं. भिंतीवर सकाळचे ताव वाळत होते. त्या घरात रोज एकेका तावाला ऊन मिळत होतं. हसीनानं डोळे किलकिले केले, मग हातांनी झाकले, मग बोटांच्या फटीतून हळूहळू बघायला लागली.

"वाचंल का?" शफीनं विचारलं.

"ठावं न्हाई," हकीम म्हणाला. हे शब्दही त्याच्या तोंडाला नवेच होते. "उशीर झालाय. तुझ्याकडनं झाला, त्याच्याहून माझ्याकडनं झाला. आजपासनं ती हितं अंगणात ऱ्हाईल. दूध द्या, अंडं द्या. कोंडायचं न्हाई."

जमलेली माणसं एकेक करून निघाली. हकिमाचा हात गेला, आता तो विचारतो, ही बातमी त्यांच्याबरोबर बाजारात निघाली. तय्यबनं ती जाताना पाहिली आणि तो जन्नतबीनं आणून दिलेल्या पाटावर हसीनासमोर बसला.

"कधीपासनं हाय, बेटी?"

ती बोलायला लागली. खोकत, थांबत, पुन्हा बोलत. पहिलं रक्त पडलं ते तिनं ओढणीत कसं लपवलं, अंधारात उंदरांची भीती कशी वाटायची, आईला मंचरला निरोप पाठवा म्हणून ती किती विनवायची. तय्यब मध्ये बोलला नाही. ऊन भिंतीवरून सरकलं तशी शफीनं तिची चटई सरकवली, पुन्हा सरकवली. नाडी बघायची राहूनच गेली.