मिशा झिजलेल्या मासळीची हकिकत

मित्रांनो, मी एक म्हातारी मासळी आहे. शिंगाळ्यांच्या कुळातली, पण लांबीने तुमच्या बोटाएवढी. वय तेरा वर्षे. माझ्या अंगावर चिलखतासारख्या टणक पट्ट्या आहेत आणि तोंडाला मिशा. त्यांनी तळ चाचपून मी खाणे शोधते. प्शेरोव गावात, चौथ्या मजल्यावर, ब्लाजेनाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या काचेच्या टाकीत माझा मुक्काम आहे.

ब्लाजेनाबाई शाळेच्या भोजनगृहात स्वयंपाकीण होत्या. तीनशे मुलांना जेवू घालणाऱ्या या बाईंनी मला मात्र उपाशी ठेवले, तेही अगदी चांगल्या मनाने. दुकानदाराने सांगितले होते, "ही एकच न्या. तळाचं उरलंसुरलं खाते, टाकी साफ ठेवते." वरच्या रंगीत माशांना रोज चिमूटभर खाणे पडे आणि ते सगळे फस्त करत. माझ्यापर्यंत क्वचितच काही पोहोचे. तळाला बाईंनी हौसेने निळे खडे घातले होते. दिसायला सुरेख, पण कडा धारदार. वर्षभरात माझ्या मिशा झिजून नुसते खुंट उरले. आम्ही घोळक्याने राहणारे मासे. एकटीला पोहण्याचेही धाडस होईना. मी पंपामागे पडून राहू लागले.

एका रविवारी बाईंचे दीर रादिम जेवायला आले. तळघरात चाळीस टाक्या बाळगणारा माणूस. ताट तसेच सोडून ते टाकीसमोर उकिडवे बसले.

"वहिनी, हिला शेवटचं जेवायला कधी घातलंत?"

"तिला कशाला वेगळं? ती साफसफाई करते ना!"

"म्हणजे मोलकरीण ठेवलीय होय? तिलाही जेवायला देतात हो! पोट बघा, खपाटीला गेलंय. आणि मिशा कुठायत?"

"तिला मिशा असतात, हे मला काय ठाऊक!"

"या खड्यांनी खाल्ल्या. हे निळं आधी बाहेर काढा."

"माझे खडे? भाऊजी, महिनाभर शोधून आणलेत ते!"

"मग खडेच पाळा. मासळी मी घेऊन जातो."

बाई लालबुंद झाल्या. मला वाटले, आता मी जाणार. पण बाईंनी काचेजवळ येऊन मला नीट पाहिले, बहुधा पहिल्यांदाच.

"तुम्ही जेवा आधी, गार होतंय," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी सुपाची मोठी गाळणी घेतली आणि बाह्या वर सारल्या.

संध्याकाळपर्यंत एकही खडा उरला नाही. पुढच्या शनिवारी धुतलेली बारीक वाळू आली, तळाला बुडणाऱ्या गोळ्या आल्या, आणि रादिमच्या पिशवीतून माझ्याच जातीचे पाच जण आले.

मी घाबरून पंपामागे शिरले. सोबत कशी करायची, तेच मी विसरले होते. ते पाचही सरळ माझ्या कोपऱ्यात घुसले. एकाने मला ढुशी दिली आणि सगळे वाळूकडे निघाले. मी मागोमाग कधी निघाले, मलाच कळले नाही. त्या दिवशी मी पोट फुगेपर्यंत खाल्ले.

हळूहळू मिशा परत आल्या. उजवीकडच्या जरा आखूड आहेत, पण काम चोख करतात.

दोन वर्षांनी इमारतीचे गरम पाणी बंद पडले. बाईंनी टाकीतले पाणी बदलताना थोडे गारच घातले. आम्हाला वाटले, पाऊस आला! आणि पावसाचे गार पाणी आले की आमची जात अंडी घालते. दुसऱ्या दिवशी मी काचेवर अंडी चिकटवली, ओळीने शंभरएक. बाईंनी घाबरून फोन केला.

"भाऊजी, काचेवर मोत्यांसारखं काहीतरी आलंय. मी काही बिघडवलं का?"

रादिम घरातल्या सपाता घालूनच धावत आले. काचेला नाक लावून अंडी मोजू लागले.

"वहिनी, चाळीस टाक्यांत या जातीनं मला एक अंडं दिलेलं नाही."

"मग शिका माझ्याकडून," बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "बसा. वही आणलीय?"

मित्रांनो, आम्हाला कुणाचे उष्टे काढायला आणू नका. सहाजणांना एकत्र आणा, अंथरायला मऊ वाळू द्या आणि आमच्या वाटणीचे जेवण आमच्यापर्यंत पोहोचते का, ते पाहा. त्या अंड्यांतली अकरा पिल्ले मोठी झाली. आता गोळ्या पडल्या की मला वाट काढत पुढे जावे लागते, आणि मी जाते.