भोक पाडलेला घोडा

आम्हा चिनी लोकांत नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी भांडायचं नसतं. रडायचं नाही, केर काढायचा नाही, वाकडा शब्द तर मुळीच नाही; काढलाच तर तो वर्षभर पाठीस लागतो. बाबांनी नेमका हाच दिवस निवडला. हाँगकाँगच्या शाम शुई पोमध्ये त्यांनी जन्मभर सोनारकाम केलं, घाव कधी घालायचा हे त्यांना पक्कं ठाऊक.

आमची वर्षं बारा प्राण्यांच्या नावांनी आळीपाळीनं येतात. आई गेली त्याच्या पुढचं वर्ष घोड्याचं; माझा जन्मही घोड्याच्याच वर्षातला, म्हणजे माझंच. मी चोवीस वर्षांची. सिंगापूरच्या एका हॉटेलात पाव-केक करायचं काम मिळालं होतं, पिशवी भरून तयार होती.

"आ-लिन, मला एकट्याला टाकून जाऊ नकोस," बाबा म्हणाले. "दर वर्षी त्या त्या प्राण्याचं सोन्याचं नाणं घेईन. बारा झाली की संच तुझा. उचल आणि खुशाल जा."

मी मूर्ख, थांबले. घोडा आला, मेंढी आली, माकड आलं. ड्रॅगनच्या वर्षी बाबा पहाटेपासून रांगेत उभे होते. एकेक नाणं पारदर्शक डबीत, डबी लाकडी पेटीतल्या मखमली खळग्यात. मला हात लावायची बंदी. "बोटाचा घाम लागला की नाण्याची अब्रू गेली. डोळ्यांनी बघ." मी डोळ्यांनी रिकामे खळगे बघत वय वाढवलं.

गेल्या वर्षी साप बसला आणि पेटी भरली. मी पुन्हा अर्ज केला, पुन्हा काम मिळालं, तिकीटही काढलं. बाबा ऐकून नुसते "हं" म्हणाले.

पहिल्या दिवशी सकाळी आत्या आली होती. मी बाबांना चहा दिला, त्यांनी मला पोरांना देतात ते शकुनाचं लाल पाकीट दिलं. लग्न झालेलं नसलं की आमच्याकडे छत्तिशीतही पोरच. पाकीट जड लागलं. आत लाल दोरा, आणि दोऱ्यात घोडा. कानाच्या वर आरपार भोक.

"बाबा, हा संचातला?"

"मग काय रस्त्यावर सापडला? यंदा तुझं वर्ष. स्वतःच्या वर्षात ग्रह खवळतो. अंगावर सोनं हवं."

"आणि असल्या वर्षात घर सोडायचं नसतं बाई," आत्या तोंडात मुळ्याची वडी ठेवूनच म्हणाली. "त्या लाम वहिनींची मुलगी गेली, तर तिला..."

"थू थू! आज नको ते बोलू नकोस," बाबा ओरडले. आत्यानं दुसरी वडी उचलली.

"संच मोडला, बाबा," मी जमेल तेवढ्या गोड आवाजात म्हणाले.

"मोडला म्हणू नये आज." त्यांनी खुर्चीखालून नवीकोरी पेटी काढली. पहिल्या खळग्यात यंदाचा घोडा बसलेला होता, बाकीचे रिकामे. "नवा सुरू केला की."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला किंचाळायचं होतं. तेवढ्यात भोकाच्या खालचा ओरखडा दिसला.

"हात कापतो आता," बाबा हळूच म्हणाले. "दोनदा सटकला. तुला काही झालं तर मी काय करू, सांग."

ते खरंच घाबरले होते. आणि आपण काय करतोय हेही त्यांना नीट कळत होतं. दोन्ही खरं होतं, म्हणूनच मला त्यांचा धड रागही करता येईना.

"वाक जरा."

मी वाकले. त्यांनी मानेमागे सोनाराची गाठ मारली, घट्ट. "वर्ष संपेपर्यंत काढायचा नाही."

"शोभतोय गं!" आत्या म्हणाली.

"नवं वर्ष सुखाचं जावो, बाबा," मी म्हणाले. त्या दिवशी तेवढंच म्हणता येतं.

"तुलाही." त्यांनी दुसऱ्या खळग्यावर बोट ठेवलं. "पुढच्या वर्षी मेंढी."

दुसऱ्या दिवसापासून भांडायला मोकळीक असते. दुसऱ्या दिवशी मी उठले, केर काढला आणि उरलेल्या मुळ्याच्या वड्या बाबांसाठी तव्यावर टाकल्या.