त्यांच्यात असं चालत नाही

माझा दादा संस्कृती शिकवतो. कुणाला हसू येत असेल तर येऊ द्या, मलाही येतं. मोठमोठ्या कंपन्या त्याला बोलावतात, गार हॉलमध्ये माणसं बसवतात आणि दादा भिंतीवर चित्रं दाखवून सांगतो, की परदेशी माणसाचा हात किती जोरात दाबावा, समोरचा गप्प बसला तर तो रागावलाय की विचार करतोय, आणि चहा नको म्हणाला तर पुन्हा विचारावं की नाही. मी पडदे शिवते. लोकांच्या घरी खिडक्यांची मापं घ्यायला जाते तेव्हा चहा हवा असला तर हवा म्हणते. त्यामुळे आमचं फारसं पटत नाही.

माझ्या भाचीने, म्हणजे दादाच्या लेकीने, परदेशी मुलाशी लग्न केलं आणि दादाला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. लग्नाच्या जेवणातच त्याने व्याही आणि विहीणबाईंना समोर बसवून ‘आमच्यात’ काय काय असतं ते सुरू केलं. आमच्यात मोठ्यांना उलट उत्तर देत नाहीत. (मी शेजारीच बसले होते.) आमच्यात मुलीचं बाळंतपण हा सर्वस्वी तिच्या आईचा मान, सासरचे त्यात पडत नाहीत, बोलावल्याशिवाय दवाखान्याची पायरीही चढत नाहीत. मी आणि वहिनी एकमेकींच्या तोंडाकडे बघतच राहिलो. भाचीच्या वेळी वहिनीच्या उशाशी रात्रंदिवस बसली होती ती माझी आई, म्हणजे वहिनीची सासू! पण परक्यांना सांगायला बसलं की माणसाला अशी काही संस्कृती फुटते, की घरचेच तोंडात बोट घालतात. विहीणबाई बिचाऱ्या मान डोलावत एकेक शब्द मनात टिपून घेत होत्या.

पुढे भाचीला दिवस गेले. जावई जहाजावर इंजिनिअर, तारखेच्या आसपास परतणार होता. तोवर ही पहिलटकरीण एकटी, त्यात रक्तदाब वाढलेला. लेक परमुलखात एकटी बाळंत होऊ नये, एवढा एकच ध्यास वहिनीला लागला होता. लग्नाच्या वेळचा व्हिसा अजून चालू होता, रजा मंजूर झाली होती. दादाने मान हलवली की ती निघणार होती.

भाचीने एकदा विचारलंही. “आई, तुला जमणार असेल तर ये ना. नाही जमलं तरी हरकत नाही.”

वहिनीचा चेहरा उजळला. दादाने बोट वर केलं.

“नीट समजून घे. ती आता त्यांच्यातली झालीय. त्यांच्यात स्वतःचं स्वतः निभावण्याला फार किंमत. तू गेलीस तर तिला वाटेल, आई मला अजून कुकुलं बाळ समजते.”

“अहो, पण ती ये म्हणालीय.”

“सौजन्य असतं ते.”

मग विहीणबाईंचा निरोप आला, की खोली तयार ठेवलीय, तुम्ही केव्हा येताय? एवढं लख्ख विचारल्यावर तरी माणसाने बॅग भरावी की नाही? दादा खुर्चीत मागे रेलला.

“बघितलंस? केव्हा, असं विचारतायत. धास्ती घेतलीय त्यांनी. त्यांच्यात पाहुणा म्हणजे फार मोठं संकट.”

“दादा, सरळ फोन करून विचार ना,” मी म्हटलं. “येऊ का, म्हणून.”

“सरळ विचारलं तर त्यांना नाही म्हणता येणार नाही. अवघडतील ते. तू तुझे पडदे बघ.”

आणि त्याने वहिनीच्या नावाने स्वतःच उत्तर लिहिलं. आम्हाला तुमच्या खाजगीपणाचा आदर आहे, आम्ही लुडबूड करणार नाही, योग्य वेळी बघू. तिकडून उत्तर आलं, तुमचा मान तुमच्याकडेच राहील. दादा खूश. वहिनीने बाळाची झबली शिवायला माझ्याकडे मऊ कापड मागितलं आणि ते हातात घेऊन माझ्या दुकानात बसून राहिली. मला दादाचा असा संताप आला होता, की हातातला पडदा उलटा शिवला गेला.

बाळ कुणाचीच संस्कृती शिकलेलं नव्हतं. ते तारखेच्या आधीच आलं. जावई भर समुद्रात. आम्हाला कळलं ते सगळं उरकल्यावर, फोनच्या पडद्यावर. भाची पलंगावर, कुशीत बाळ, शेजारी विहीणबाई. त्यांचे डोळे रडून सुजले होते.

“जवळ कोण होतं गं?” वहिनीने पहिलं तेच विचारलं.

“कुणी नाही.”

विहीणबाई घाईघाईने काहीतरी सांगू लागल्या. भाची थकल्या आवाजात मराठीत सांगत गेली. “त्या म्हणतायत, त्या घरीच होत्या. गाडीची किल्ली हातात घेऊन. पण आपल्यात सासरच्यांनी यायचं नसतं ना. हा आईचा मान, बाबांनीच सांगितलं होतं. तू येशील म्हणून वाट बघत होत्या.”

“आणि तू का नाही बोलावलंस त्यांना?”

“त्या आपणहून येते म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, त्यांच्यात येत नसतील. उगाच कुणाला अवघडून टाकायचं नाही, हेही बाबांनीच शिकवलंय.”

“मग गं?”

“एक नर्स होती. ती कुठली ते मला माहीत नाही, मी कुठली ते तिला माहीत नाही. तिने विचारलं, हात धरू का? मी हो म्हटलं.”

दादाने घसा खाकरला. “म्हणजे बघा, दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या वेगळेपणाचा केवढा आदर...”

“दादा, तोंड बंद कर,” मी म्हटलं. चांगली ओरडलेच.

वहिनीने डोळे पुसले. “मी येते. उद्याच निघते.”

“कशाला आई, उगाच दगदग,” भाची म्हणाली. दुकानात गिऱ्हाइकाला निरोप द्यावा तितक्या गोड आवाजात. “आता सगळं छान आहे इथे. तू काळजी करू नकोस.”

वहिनी सवयीने दादाकडे वळली. “अहो, म्हणजे ये म्हणतेय की नको म्हणतेय?”

जगातल्या यच्चयावत माणसांच्या मनातलं ओळखणारा माझा भाऊ चष्मा काढून पुसत बसला. चष्मा स्वच्छच होता. मी वहिनीच्या हातातून फोन ओढून घेतला.

“पोरी, बाकी सगळं राहू दे. तुला आई हवीय का, तेवढं सांग.”

तिने बाळाचं दुपटं सारखं केलं. विहीणबाईंना एक शब्दही कळला नसणार, तरी त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“तेव्हा हवी होती, आत्या,” ती म्हणाली.

याचा अर्थ दादाला कुणी विचारला नाही.