वाकळ यादीत नाही

…चिमटा गुलाबी होता. कपडे वाळत घालायचा, प्लास्टिकचा, एक कान तुटलेला. गॅलरीतल्या दोरीवर नुसताच लटकलेला. दोन बोटांनी चित्र मोठं करत नेलं तसा तो फुगला, त्याच्या कडा विसकटल्या, तरी तुटका कान तुटकाच राहिला — आणि भाग्यलक्ष्मीनं फोनवरून मान वर करून समोर पाहिलं, तर तोच चिमटा तिथं दोरीवर, सकाळच्या उन्हात हलत होता. फोनमधला हलत नव्हता, एवढाच काय तो फरक.

म्हणजे हे आपलंच घर… आणि ते असं, कुणीही यावं आणि बघावं, म्हणून मांडून ठेवलेलं.

वर ओळी होत्या — खासबाग, बेळगाव. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी. पूर्वेकडे तोंड. हवेशीर. तिसरा मजला. तिसरा! ती राहत होती दुसऱ्यावर. मग आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी घरांची दलाली करणारा कुमार आला होता. "आक्का, तुमच्या वरचा फ्लॅट विकायचाय. पण रिकामी खोली फोटोत लई उदास दिसती बघा. तुमचा नि त्येचा प्लॅन एकच हाय. दोन फोटो काढू काय?" आणि तिनं, चहाचं आधण ठेवता ठेवता, काढा की, म्हटलं होतं. दोन म्हणून त्यानं अकरा काढले होते. चहा मात्र छान झालाय म्हणाला होता.

जाहिरातीचा दुवा गावाकडून, गुंजीहून आला होता. भावाच्या मुलीनं, प्रियदर्शनीनं पाठवलेला. खाली तिनं लिहिलं होतं: 'आत्या, बेळगावात नोकरी लागली ना, म्हणून खोली शोधत होते. आजी शेजारीच बसलेली. चौथ्या फोटोतल्या पलंगावर बोट ठेवून म्हणाली, ही माझी वाकळ. खरं काय गं?'

खरंच होतं. जुन्या लुगड्यांचे थर घालून आईनं हातानं टाचलेली वाकळ, तिच्यात एका कोपऱ्याला भाग्यलक्ष्मीच्या शाळेच्या स्कर्टचा निळा तुकडा. वाकळी सगळ्यांच्या घरी असतात. पण तो निळा तुकडा एवढुसा, फोनमध्ये तर तांदळाएवढा — आणि मोतीबिंदू झालेल्या आईला तो दिसला! भाग्यलक्ष्मीला एकाच वेळी घाम फुटला आणि हसू आलं.

कारण गुंजीत हे घर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ती अजून शहापुरात, जोशीबाईंच्या मागच्या खोलीतच भाड्यानं राहत होती. घर घेऊन पाच महिने झाले होते. गणपतीला गेली तेव्हा सांगणार होती. मग दिवाळीला सांगू म्हणाली. दिवाळीत आईनं करंजीचं सारण ढवळत, सहजच, गल्लीतल्या कुणाच्या तरी मुलीला चांगलं घर मिळाल्याचं सांगितलं, आणि हिच्या ओठांवर आलेलं मागे गेलं. घर बघायचं, घर मिळायचं, घर सोडून यायचं… लहानपणापासून ऐकलेले हे सगळे शब्द, आणि प्रत्येकात घर कुणीतरी दुसऱ्यानं द्यायचं असे. त्रेचाळिसाव्या वर्षी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक असलेल्या बाईनं एकटीनं जाऊन घर घेतलं म्हटल्यावर लोक काय विचारतील ते तिला पाठ होतं. 'कुणासाठी?' विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. हेच तर अवघड.

आणि दुसरंही एक होतं, ते तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. लपवण्यात मजा होती. ताबा मिळाला त्या दिवशी ती वर्तमानपत्र पसरून फरशीवर बसली, चिरमुरे खाल्ले, मग उठून अनवाणी दोन्ही खोल्यांतून उगाच फिरली, प्रत्येक दिव्याचं बटण चालू करून बंद केलं, आणि मोरीच्या दारात उभी राहून खुदकन हसली — कशाला, ते तिलाही कळलं नाही. तेव्हापासून कॉलेजात परीक्षानळ्या विसळताना, पोरांनी सांडलेलं पुसताना, घराची ती पूर्वेची खिडकी मध्येच आठवायची; गालात धरलेल्या गोळीसारखी. कुणाला दिसत नाही, पण विरघळत असते. मी अख्ख्या आयुष्यात सगळं सगळ्यांना सांगून केलं… एवढं एक न सांगता.

आता ते एकशे चौदा जणांनी पाहिलं होतं. तसा आकडाच होता जाहिरातीखाली. एकशे चौदा माणसं चपला न काढता आत आल्यासारखं तिला वाटलं, आणि तिनं संकेतस्थळाच्या मदतीचा नंबर लावला.

बरीच गाणी वाजल्यावर एक मुलगी बोलली. नाव तेजस्वी म्हणाली. आवाज घडीच्या कपड्यासारखा. भाग्यलक्ष्मीनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या आवाजाची घडी मोडली. "मॅडम, बेळगावच्या व्हय तुम्ही? मी निपाणीची!" आणि लगेच पुन्हा इस्त्री केल्यासारखी, "सांगा, तुमचं नाव दिसतंय का जाहिरातीत?"

"नाही."

"फोन नंबर? चेहरा?"

"नाही."

"मग बघा, नाव, नंबर, चेहरा, पत्ता ही वैयक्तिक माहिती. ती असती तर आत्ता काढली असती. खोल्या किती, खिडकी कुठं, मजला कितवा, ही मालमत्तेची माहिती. ती घराची असते, माणसाची नाही."

"पण माझ्या आईनं मला ओळखलं."

"तुम्हाला ओळखलं, का खोलीला?"

हा प्रश्न त्या मुलीच्या कागदावर नसावा. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं असं वाटलं. "वाकळीला," ती म्हणाली.

पलीकडे कळफलकाची टकटक झाली, थांबली. "वाकळ यादीत नाही, मॅडम," तेजस्वी म्हणाली, आणि दोघी एकदमच हसल्या. इतक्या की तेजस्वीला कुणीतरी मागून दटावल्याचंही ऐकू आलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या आज्जीची हाय माझ्याजवळ. पुण्याला येताना आणली. बघून ओळखंल की कोणबी… मी फॉर्म पाठवते. फोटो दुसऱ्या घराचा आहे असं लिहिलंत तर लगेच काढतील. पण माझी माहिती आहे म्हणून लिहिलंत तर ते वर जाईल, तिथली माणसं ठरवतील. काय ठरवतील ते मलाबी सांगता यायचं न्हाय."

फॉर्म आला. 'आपली हरकत कशास आहे?' खाली रिकामी चौकट. भाग्यलक्ष्मीनं लिहिलं, 'हा फोटो' — पुढं सुचेना. प्रयोगशाळेत बाटलीवर चिठ्ठी लावायची तर तिला क्षणभरही लागत नसे. काय आहे, किती तीव्र, कधी भरलं. इथं काय लिहायचं? की उशी डाव्या बाजूला आहे, कारण मी उजव्या कुशीवर झोपते? की खिडकीशी एकच खुर्ची आहे, आणि तिच्या हातावर चहाच्या कपाचा गोल डाग? खोली दहा बाय बारा — ते घराचं. डाग कुणाचा?

तेवढ्यात दार वाजलं.

साठीतलं जोडपं होतं. वडगावचे, यंत्रमागवाले, वरचा फ्लॅट बघायला आलेले. किल्ली कुमारकडे, आणि कुमार 'पाच मिनिटांत येतो' म्हणून अर्धा तास झालेला. नवऱ्यानं, यमनाप्पांनी, पाणी मागितलं. बायको, यल्लव्वा, मात्र दारातूनच आत बघत राहिली. मग तिनं नवऱ्याचा सदरा ओढला.

"अहो, हीच की ती. ती खिडकी बघा."

भाग्यलक्ष्मीनं खुलासा केला — फोटो इथले, घर वरचं. यल्लव्वा ओशाळली. "मग आम्ही तुमचंच घर बघत बसलो व्हय? रोज बघतो हो. पोरानं फोनवर लावून दिलंय. तुम्हाला सांगू काय, त्या खिडकीत बसून मी मनात तांदूळसुद्धा निवडले."

ऐकलं आणि भाग्यलक्ष्मीच्या आत काहीतरी आधी आक्रसलं. माझ्या खिडकीत! मला न विचारता!… आणि मग डोळ्यांसमोर ते चित्र आलंच — ती स्वतः कॉलेजात असताना, बंद घरात, उन्हाच्या चौकोनात ही अनोळखी बाई मांडी घालून बसलेली, सूप मांडीवर, खडे बाजूला टाकत… आणि ते चित्र मुळीच वाईट नव्हतं. घराला दिवसा एकटं वाटत असेल असं तिला कधीकधी वाटायचं.

"आत या की," ती म्हणाली. "खरीखुरी बसून बघा."

यल्लव्वा बसली. खुर्चीत नाही, खाली, बरोबर उन्हात. यमनाप्पा भिंतीला कान लावून उभे राहिले. "चाळीस वर्सं मागाच्या आवाजात झोपलो. हितं काहीच ऐकू येत न्हाय. झोप लागती काय तुम्हाला?"

"पहिले आठ दिवस नाही लागली," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "आनंदानं." हे आपण बोललो? ती पुढं बोलतच गेली. "पाणी सकाळी सहाला येतं. वारा या बाजूनं. स्वयंपाकाचा कट्टा मी थोडा उंच करून घेतलाय, माझी कंबर धरते म्हणून. माझं घर आहे ना हे… म्हणजे, मी घेतलंय."

"एकटीच असता?" यल्लव्वानं विचारलं.

"एकटीच."

"बरं हाय की," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. एवढंच. पाच महिने असलाच प्रश्न यायचा म्हणून भाग्यलक्ष्मी अंग चोरून होती, तो आला, आणि पाण्याचा पेला खाली ठेवावा तसा अलगद ठेवला गेला.

कुमार आला, ती दोघं वर गेली, आणि दारातच फोन वाजला. गुंजीचा. तिनं तो चार वेळा वाजू दिला.

"वाकळ उलटी घातलीस," आई म्हणाली. आईची, जयाबाईंची, फोनवर बोलायची पद्धतच अशी. सुरुवात नाही, चौकशी नाही. "निळी बाजू खाली जाती. पायाशी. लक्षात ठेव."

"बरं."

"चूल कुठल्या अंगाला हाय? फोटोत दिसंना."

"उजवीकडे… आई, रागावलीस?"

"रागवू कशाला? सांगिटलं का न्हाईस, एवढं सांग."

खोटं सांगायला दोनतीन गोष्टी तयार होत्या. पण यल्लव्वा बसून गेलेली फरशी समोर होती, आणि जीभ आपोआप खऱ्याकडे वळली. "तू विचारशील म्हणून. कुणासाठी घेतलंस म्हणून."

तिकडून कोंबड्यांचा आवाज आला. मग आई म्हणाली, "ते कशाला इचारू? फोटोत दिसतंय की."

"काय दिसतंय?"

"उद्या सकाळच्या गाडीनं येतो आम्ही. प्रियालाबी आणतो. तिला खोली पाहिजेल हाय, पण ते तू ठरीव, मी काय म्हणत न्हाय. तांदूळ आणू का?"

"आई, काय दिसतंय फोटोत?"

पण गुंजीत रेंज जाते ती अशाच वेळी.

भाग्यलक्ष्मी पलंगाच्या कडेला बसली. फॉर्म अजून उघडा होता, 'हा फोटो' इथंच थांबलेला. तिनं तो मागे सारला आणि जाहिरात पुन्हा लावली. आता फोटोतलं आपलं काय, ते शोधायला नाही. आईला काय दिसलं, ते शोधायला. पहिला फोटो, दुसरा, तिसरा. उंबऱ्याशी एकच चपलांचा जोड, कडेला नीट लावलेला. फडताळात वाटीभर मावेल एवढे डबे, त्यांवर तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या. टेबलावर उघडं पुस्तक, वर चष्मा — वाचता वाचता कुणीतरी चहा गाळायला उठलंय, आत्ता परत येईल, असं. कुमारनं काढलेलेच फोटो. वाकडे, थोडे अंधारलेले. आणि तरी प्रत्येकात, कुणी नसलेल्या त्या प्रत्येक खोलीत, काहीतरी चाललं होतं. गुणगुणल्यासारखं.

ती बघत राहिली. सहावा, सातवा… मध्ये केव्हातरी तिला विसर पडला की आपण याच खोलीत बसलो आहोत. हे कुणा दुसऱ्याचं घर, लांबचं, ओळखीतून ऐकलेलं, असं वाटायला लागलं. कोण राहत असेल इथं? कुणी बाई असावी. घाईत नसलेली. हिच्याकडे एकदा जायला हवं, बसायला हवं थोडा वेळ, आपणहून… असं काहीतरी मनात आलं, आणि कुठल्या घराचा विचार आपण करतोय ते ध्यानात आलं तरी तिनं तो मोडला नाही. नवव्या फोटोवर बोट ठेवून, हलक्या, किंचित हेवा वाटणाऱ्या मनानं, ती तशीच बघत राहिली.