काट्यांची भिंत आणि दोन भाऊ

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे, पण माझ्यात वीट नाही की दगड नाही. ओकच्या लाकडाचा उंच सांगाडा आणि त्यात ठासून भरलेल्या काटेरी फांद्यांच्या मोळ्या, एवढंच माझं अंग. लांबून पाहिलंत तर सोलेनरोडे गावाने हिवाळ्यासाठी सरपण रचून ठेवलंय असंच वाटेल.

माझा जन्म मिठासाठी झाला. जमिनीखालचं खारं पाणी माझ्या माथ्यावर चढवायचे. तिथून ते काट्याकाट्यावरून ठिबकत यायचं. वारा त्यातलं पाणी उडवून न्यायचा आणि तळाशी साचलेलं दाट खारं पाणी कढईत आटवून मीठ काढायचे. पुढे खाणीतलं मीठ स्वस्तात येऊ लागलं आणि मला मोडायचं घाटू लागलं. पण तोवर दम्याचे आणि जुन्या खोकल्याचे लोक माझ्या कडेने फेऱ्या मारू लागले होते. त्यांनी मला वाचवलं.

मी आजार बरा करते असं मी कधी म्हटलं नाही. ज्याची त्याची औषधं ज्याने त्याने घ्यावीत. पण खारट तुषारांची हवा आत गेली की चिकटलेला कफ सुटतो, छाती थोडी मोकळी होते. माझ्याजवळ सावकाश चालायचं, नाकाने श्वास घ्यायचा आणि बोलायचं नाही, अशी इथली रीत. आणि वारा ज्या बाजूने येतो तिकडे कधी चालायचं नाही. तो माझ्यातून आरपार जाऊन पलीकडे तुषार नेतो. खरी हवा तिथे.

हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. हार्म वेमायरला मात्र कळूनही उपयोग नव्हता, कारण पलीकडे त्याचा धाकटा भाऊ डेटमार चालत असे.

दोघे भटारी. आयुष्यभर पीठ हुंगून दोघांच्या छातीत घरघर बसली होती. वडिलांच्या काळापासून पावासाठी जपलेलं आंबवण डेटमारने एक दिवस ओतून दिलं आणि बाजारचं यीस्ट आणलं. त्या दिवसापासून हार्मने भट्टी सोडली, बोलणं सोडलं आणि चर्चजवळच्या घरात वरच्या मजल्यावर जाऊन राहिला. आता तोच जिना त्याला चढवेना. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दम असाच लागत राहिला तर थंडीआधी गाव सोडून शहरातल्या वृद्धाश्रमात जावं लागेल. म्हणून तो रोज यायचा, आणि रोज कोरड्या बाजूला चालायचा. एकाच्या खोकल्याला दुसऱ्याचा खोकला माझ्या काट्यांतून उत्तर द्यायचा. मधल्या मध्ये मी दोन्ही ऐकायची.

माझे नळ ट्योनीसबाई सांभाळायच्या. एका सकाळी त्यांनी हार्मला अडवलं.

"हार्मराव, वारा पश्चिमेचा आहे. इथे नुसती हवा मिळते. तेवढी तुमच्या खिडकीतही मिळेल."

"पलीकडे तो आहे."

"तो म्हणजे?"

"बापाचं आंबवण गटारात ओतणारा."

"बरं. पलीकडे बोलायला बंदी आहे की नाही?"

"आहे."

"मग त्याच्या शेजारून चालायला तुमचं काय जातं? तोही बोलणार नाही, तुम्हीही नाही. मनातल्या मनात हव्या तेवढ्या शिव्या घाला."

हार्मने टोपी नीट बसवली. मग माझ्या टोकाला वळसा घालून पलीकडे गेला. डेटमारने त्याला पाहिलं आणि थोडा सरकून जागा दिली.

तो उन्हाळा मी विसरणार नाही. आधी दोघांत चार हातांचं अंतर होतं, मग दोन. हार्मला धाप लागली की डेटमार उगाच बुटाची नाडी बांधायला वाकायचा. नाडी सुटलेली नसायचीच. हार्मचा खोकला जरा हलका झाला, पण जिना काही सोपा झाला नाही. थंडी जवळ आली. हार्मने सामान बांधायला घेतल्याचं साऱ्या गावाला कळलं.

पाणी गोठण्याआधी दरवर्षी माझे नळ बंद करतात. त्या दिवशी ठिबकणं थांबलं आणि सगळीकडे एकदम सामसूम झाली. डेटमार जागीच थांबला.

"पाणी बंद झालं," तो म्हणाला. "आता बोललं तर चालतं."

"मग बोल."

"भट्टीमागच्या खोल्या रिकाम्या आहेत. माझ्याकडे जिना नाही."

हार्मने माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. "अजून घोरतोस?"

"घोरतो."

"मधलं दार बंद होतं ना?"

"होतं. पण तू खोकलास तर मला ऐकू आलं पाहिजे. किलकिलं ठेवू."

मित्रांनो, ते दोघे आता नाहीत. माझ्या काट्यांवरही पाण्यातल्या चुन्याचे थर चढून दगड झालाय. नव्या मोळ्या भरल्या नाहीत तर वारा माझ्यातून जाणार नाही आणि मी खरोखरच नुसती भिंत होईन. मला तसं व्हायचं नाही. कधी आलात तर आधी वारा कुठून येतोय ते बघा आणि खऱ्या हवेच्या बाजूला जा, मग तिथे कोणीही चालत असो. त्याला थोडी जागा मागा. तो सरकेल.