एका बटणावरचे बावीस दिवे

लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण किशोररावांनी एकही गोष्ट उज्वलाताईंना विचारल्याशिवाय केली नव्हती. गंगापूर रोडला भेंडी घेताना ते दोनदा फोन करत, एकदा भेंडी निवडण्याआधी आणि एकदा नंतर.

पण ताईंचे गुडघे दुखू लागले, आणि दुमजली घरातले बावीस दिवे फिरून फिरून लावणं-मालवणं त्यांच्याच्यानं होईना. म्हणून किशोररावांनी चार महिने वायरिंगचं पुस्तक वाचलं आणि ताईंच्या परवानगीने कॉन्टॅक्टर बसवायचं ठरवलं. जिन्याखालच्या पेटीत बसणारी ही मुठीएवढी वस्तू म्हणजे दिव्यांचा मुकादम. सोफ्याजवळचं छोटं बटण दाबलं, की तिच्यातल्या कॉइलला, म्हणजे तारेच्या गुंडाळीला, वीज मिळते, आतली पट्टी खट्कन ओढली जाते आणि वरचे-खालचे सगळे दिवे एकदम लागतात.

ताईंची अट होती. "शनिवारी दादा येतोय नामपूरहून. त्याच्यासमोर फजिती झाली तर ते काढून टाकायचं, आणि तुम्ही पुन्हा घरातल्या वायरींचं नावही काढायचं नाही."

ताईंचे थोरले भाऊ गोरक्षदादा कांद्याचे व्यापारी. दाजींना पुस्तकाखेरीज काही उचलता येत नाही, हे त्यांचं मत कांद्याच्या भावासारखं वर-खाली होत नसे.

जोडणी वायरमन महेशनं केली. शेवटी त्यानं विचारलं, "काका, घरातले सगळे दिवे-पंखे इन्व्हर्टरवर आहेत. कॉइलची वायर पण इन्व्हर्टरवरून घेऊ, का मेनवरून?"

ताई नेमक्या भिशीला गेल्या होत्या. फोन लागेना. दिवे चालू असेपर्यंत कॉइल थोडी वीज खाते, एवढं किशोररावांच्या वाचनात आलं होतं. मग उगाच बॅटरी कशाला झिजवायची?

"मेनवरून," ते म्हणाले आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले.

"नक्की ना?"

"नक्की."

शनिवारी दिवेलागणीला गोरक्षदादा येऊन टेकले. ताईंनी बटण दाबलं. खट्. अंगणापासून गच्चीपर्यंत उजेड झाला. दादांनी सवयीनं हात जोडले, पण कुठल्या दिव्याला ते न कळून चारी दिशांना फिरवले.

"लय भारी काम हाय, दाजी. मी तर समजत होतो..."

दादा काय समजत होते ते राहूनच गेलं, कारण वीज गेली. शेजारच्या घरांतल्या दिव्यांनी डोळे मिचकावले आणि ते इन्व्हर्टरवर पुन्हा स्थिर झाले. किशोररावांकडे मात्र काळोख. पंखा तेवढा मजेत फिरत होता.

"पंख्याला वीज पोचती, दिव्यालाच नाय?" अंधारातून दादांनी विचारलं.

किशोररावांना सगळं कळलं. मेन गेली तशी कॉइलची वीजही गेली आणि पट्टी सुटली. बॅटरी भरलेली होती, दिवे जागेवर होते, फक्त मधला मुकादम काम टाकून निघून गेला होता.

"त्या वायरमनचा नंबर द्या," दादा म्हणाले. "असा झापतो, की परत पक्कड धरायचा नाय."

सुटका समोर उभी होती. नंबर दिला की झालं. किशोररावांनी घसा साफ केला.

"त्याची चूक नाही. त्यानं विचारलं होतं. मीच सांगितलं, मेनवरून घे म्हणून."

"कोणाला विचारून?" ताईंचा आवाज आला.

"कोणालाच नाही."

ताई हसू लागल्या, इतक्या, की दादांनी मोबाइलचा उजेड त्यांच्या तोंडावर मारून पाहिला.

"फजिती झाली ना गं? मग तू फोनवर म्हणालीस तसं काढायचं ना ते?" दादांनी विचारलं.

"राहू दे दादा. अडतीस वर्षांत ह्यांनी पहिल्यांदाच काहीतरी आपल्या मनानं चुकवलंय."

किशोररावांची छाती जराशी फुगली. "मग महेशला सांगू का, वायर इन्व्हर्टरवरून घे म्हणून?"

"मला नका विचारू."

ते चाचपडत उठले आणि त्यांनी फोन लावला. "महेश, कॉइलची वायर उद्या इन्व्हर्टरवर घ्यायची," त्यांनी दादांना ऐकू जाईल असं ठासून सांगितलं. मग पाठ फिरवून, तोंडावर हात धरून हळूच विचारलं, "तुला काय वाटतं?"