गीतांजलीच्या मामाची चाकं

अकोल्याच्या जठारपेठेत माहं सायकलचं दुकान हाय, अन् तोंड माहं फटकळ हाय. हे पयलेच सांगून टाकतो. कोणी महिनोन् महिने चेनले तेल घालत नाही अन् मंग कुरकुर करते म्हणून सायकल घेऊन येते, तं मी त्याले आधी चार शब्द ऐकवतो, मंग पाना हातात घेतो. तरी लोक येतात. म्हणतात, महादेवराव बोलते कडू, पण सांगते खरं.

त्या खरं सांगणाऱ्यानं या थंडीत काय केलं ते ऐका.

माही पोट्टी आचल अन् बाळापूरची गीतांजली, दोघी संगं सायकलिंग करतात. गीतांजलीच्या घरी वांगे, मेथी अन् झेंडू पिकते. ती पहाटे बाळापूरवरून सायकलनंच अकोल्यात येते, मंग दोघी अकोट रोडनं जाऊन येतात, अन् आमच्या घरी बसून पोहे खातात. दोघींच्याही सायकलीले ॲल्युमिनियमची चाकं. सरावाले तेच पायजे. आपल्या रस्त्यावर एक खड्डा चुकवला तं दुसरा हाजर. ॲल्युमिनियमचं चाक आऊट झालं तं तारा कसून सरळ करता येते, पण कार्बनच्या कडेले एकदा तडा गेला का खल्लास.

शर्यतीची गोष्ट मात्र येगळी. जिल्ह्याची निवड अकोट रोडवरच होती. चोहोट्ट्यापर्यंत जायचं अन् परत यायचं, एकेकीले सोडून वेळ मोजायची. पोरींमधून एकच जाणार होती अमरावतीच्या राज्य स्पर्धेले. सपाट रस्ता, कुठं चढ नाही. अशा रस्त्यावर उंच कडेचं कार्बनचं चाक एकदा पळायले लागलं का वेग सोडत नाही. म्हणून मी आचलसाठी कार्बनची जोडी मागवून ठेवली होती. गीतांजलीले नाही सांगितलं. काहून सांगू? शेवटी बाप होय मी. त्याचं मले तवाही काही वाटलं नाही, अन् आजही वाटत नाही.

पण शर्यतीच्या आधल्या आठवड्यात गीतांजली दुकानात आली, पाठीवर दोन भल्ल्या मोठ्या गोल पिशव्या. तिच्या मामानं अमरावतीच्या कोण्या ओळखीच्या खेळाडूकडून कार्बनची चाकं मागून आणली होती. एसटीत कोणाचा धक्का लागू नये म्हणून मामा पूर्ण रस्ता ते मांडीवर घेऊन बसला म्हणे. मी एक चाक बाहेर काढलं, हातावर तोललं, फिरवून पाहिलं. बाप्पा! माह्या जोडीपेक्षा हलकं, अन् केसाचाही आऊट नाही.

"काका, शर्यतीले हे लावू का हाय तेच राहू देऊ?" तिनं विचारलं. "तुमी म्हणान तसं."

आता पाहा, मी जे सांगितलं त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हटलं, उंच कडेले आडवा वारा लागते अन् तू वजनानं हलकी, सायकल डगमगन. म्हटलं, कार्बनले ब्रेकचे रबर येगळे लागतात, तुह्यावाले लावले तं कड जळन, अन् वस्तू लोकाची हाय. म्हटलं, ज्या चाकावर सराव नाही त्यावर शर्यत करू नये. सारं खरं. पण ते येगळे रबर माह्या ड्रॉवरमध्ये पडून होते. सरावाले आठवडा होता. अन् वारा काही गीतांजलीसाठीच सुटणार नव्हता, आचललेही लागणार होता. एवढं मी बोललो नाही. मी फक्त मनात हिशोब लावत होतो, का ही पोट्टी ॲल्युमिनियमवर आचलच्या एवढी जवळ येते, तं या चाकांवर कुठं जाईन.

ती म्हणे, बरं, मंग हाय तेच राहू द्या. चाकं पिशवीत घातली अन् गेली. दुसऱ्या कोण्या दुकानात जाऊन विचारावं, हे तिच्या मनातही आलं नाही.

घरी आचलनं विचारलं, पप्पा, मले कार्बन अन् तिले काहून नाही? मी म्हटलं, तिच्या चाकात खराबी हाय. म्हणजे एक धडधडीत खोटं बोललोच.

शर्यतीत आचल पयली आली, गीतांजली दुसरी. दोघींमध्ये फरक एवढुसा, का नाक शिंकरायले थांबली असती तं आचल हरली असती. गल्लीत पेढे वाटले. सारे हात मिळवत होते अन् मले वाटत होतं, कवा हे लोक जातात अन् कवा मी शटर पाडून आत बसतो. खाई त्याले खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. आठवडाभर माह्या तोंडाची चव गेली. गिऱ्हाइकावर खेकसलो. दुर्गाबाईवर, म्हणजे बायकोवर, वरणात मीठ नाही म्हणून ओरडलो. तिनं गुमान वाटी उचलली, चाखली अन् म्हणे, मीठ बरोबर हाय, तुमचंच काहीतरी बिघडलं हाय. कोणी नुसतं बाळापूरचं नाव घेतलं तरी मी पाना घेऊन सायकलीखाली वाकत होतो.

अन् गीतांजली? तिनं चिडावं, येणं बंद करावं, असं मले आतून वाटत होतं. भांडली असती तं मीही चढ्या आवाजात भांडलो असतो, अन् मोकळा झालो असतो. तसं काही झालं नाही. ती आली ते त्याच दोन पिशव्या घेऊन, अन् आचलले म्हणे, मामाले विचारलं मी, राज्य स्पर्धा होईपर्यंत हे तुह्याकडं राहू दे, तुह्यावाल्यापेक्षा हलके हायेत, आपल्या जिल्ह्याकडून तू जाऊन राहिली.

आचलनं तिले मिठी मारली. मी सायकल स्टँडवर चढवली अन् मामाचं पुढचं चाक बसवायले घेतलं. रोज शंभरदा करतो ते काम, पण नट काही आट्यावर बसेना.

"काका, अमरावतीले चालतीन ना हे?" गीतांजलीनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत आचल म्हणे, "पण पप्पा, तुमी तं म्हटलं होतं, याच्यात खराबी हाय."

"खराबी? मले तं वाऱ्याचं सांगितलं होतं," गीतांजली म्हणे, अन् दोघी माह्याकडं पाहून राहिल्या.

आणखी एक खोटं जिभेवर तयार होतं. होती खराबी, आता काढली, एवढंच म्हणायचं होतं. त्या दोघींनी मानलंही असतं, माह्या शब्दावर त्यांनी कवा शंका घेतली? त्याच्यानंच माहा जीव कासावीस झाला. मले स्वतःची लाज वाटली, अशी का वर पाहता येईना.

"खराबी काहीच नाई," मी म्हटलं. "तिथं चालतीन. अन् इथंही चालले असते, तुले."

"मंग नाई काहून म्हटलं?"

"तू जिंकली असती म्हणून."

आचलनं माह्या हातातून चाक घेतलं, पुसलं, पिशवीत घातलं अन् पिशवीची चेन लावून गीतांजलीच्या हाती दिलं. माह्याकडं तिनं पाहिलं नाही. मी म्हटलं, निवड समितीच्या सायबाकडं जातो, सारं सांगतो. पण काय सांगणार? सल्ला दिला, हा काही गुन्हा नाही, अन् नियमात बसणारी शर्यत कोणी पुन्हा घेत नाही. हे मलेही माईत होतं अन् गीतांजलीलेही.

तिनं पिशव्या पाठीवर टाकल्या. दारापर्यंत गेली अन् परत काउंटरपाशी आली. इतक्या वर्षांत त्या पोरीनं मले काका सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं, अन् मीही तिच्याकडून कवा हवेचेसुद्धा पैसे घेतले नव्हते.

"मागं पंक्चर काढलं होतं," ती म्हणे. "त्याचे किती झाले, शेठ?"

मी म्हटलं, राहू दे. तिनं काउंटरवर नोट ठेवली, अन् उरलेले पैसे घ्यायले हात पुढं करून उभी राहिली.